अमेरिकेतल्या मराठी आर्किटेक्ट्सना खुलं पत्र : नोमाच्या कॉन्फरन्सला या, पण नुसत्या करिअर फेअरपुरते येऊ नका

प्रिय मराठी आर्किटेक्ट मित्रमैत्रिणींनो, आणि इथे एम.आर्क. करायला आलेल्या सगळ्या पोरापोरींनो,

या वर्षी गणपतीत एका ओळखीच्यांकडे आरतीला गेले होते. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, सगळे ताटं घेऊन जिथे जागा मिळेल तिथे बसले आणि नेहमीसारखे आम्ही तीन-चार आर्किटेक्ट एका कोपऱ्यात जमलो. तिथे पुण्याहून आलेली एक मुलगी होती, एम.आर्क.चं दुसरं वर्ष. तिने मला विचारलं, ताई, आमच्या कॉलेजमधले काही जण नोमाच्या कॉन्फरन्सला चाललेत, मी जाऊ का? मी तोंड उघडायच्या आधीच आमच्यातले एक ज्येष्ठ काका, ज्यांची स्वतःची फर्म आहे आणि ज्यांना मी खूप मानते, ते म्हणाले, अगं ते काळ्या लोकांचं असतं, आपल्याला काय करायचंय तिथे, त्यापेक्षा लायसन्सच्या परीक्षेचे पेपर दे. दुसरा म्हणाला, करिअर फेअर चांगलं असतं म्हणे, रेझ्युमे देऊन संध्याकाळच्या फ्लाइटने परत ये. ती मुलगी हो म्हणाली आणि विषय मोदकांवर गेला.

मी काहीच बोलले नाही. मी त्या कॉन्फरन्सला जाऊन आलेय, एकदा नाही, बऱ्याचदा, तिथे काय होतं ते मला माहितीये आणि तरी मी गप्प बसले कारण सणाच्या दिवशी कुठे वाद घाला. घरी येताना गाडीत तेच डोक्यात घोळत होतं आणि तेव्हापासून हे पत्र मनात लिहितेय. हे त्या काकांना एकट्याला नाहीये. आपल्यातले बरेच जण असंच बोलतात आणि बाकीचे माझ्यासारखे ऐकून घेतात, म्हणून सगळ्यांनाच.

आधी नोमा म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या लक्षात आलंय की दहा-पंधरा वर्षं इथे काम केलेल्यांनाही नीट माहीत नसतं. नॅशनल ऑर्गनायझेशन ऑफ मायनॉरिटी आर्किटेक्ट्स. १९७१ साली डेट्रॉइटला एआयएचं, म्हणजे इथल्या आर्किटेक्टांच्या सगळ्यात मोठ्या संस्थेचं अधिवेशन भरलं होतं, तिथे बारा कृष्णवर्णीय आर्किटेक्ट एकत्र बसले आणि ठरवलं की आपली वेगळी संघटना हवी. शिकागोचे वेंडेल कॅम्पबेल पहिले अध्यक्ष झाले. बारा जण! देशभरच्या अधिवेशनात बारा जण एका टेबलाभोवती बसले आणि त्यातून ही संस्था उभी राहिली, आज तिचे गावोगावी चॅप्टर आहेत, कॉलेजांमध्ये विद्यार्थ्यांचे चॅप्टर आहेत, त्यांना नोमास म्हणतात, आणि दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला, आपल्या नवरात्र-दिवाळीच्या धामधुमीत, वेगवेगळ्या शहरात कॉन्फरन्स होते. २०२१ ला पन्नास वर्षं झाली तेव्हा परत डेट्रॉइटलाच झाली. २०२२ नॅशव्हिल, २०२३ पोर्टलंड, २०२४ बाल्टिमोर.

पोर्टलंडचं नाव आलं म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. १९६८ च्या जूनमध्ये एआयएचं अधिवेशन पोर्टलंडला होतं. मार्टिन ल्यूथर किंगची हत्या होऊन जेमतेम दोन महिने झालेले. तिथे भाषणाला बोलावलं होतं व्हिटनी यंगना, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या नॅशनल अर्बन लीगचे प्रमुख, स्वतः आर्किटेक्ट नाहीत. समोर सगळे गोरे आर्किटेक्ट, आणि या माणसाने त्यांना तोंडावर सांगितलं की नागरी हक्कांच्या लढ्यात तुमच्या व्यवसायाची ओळख म्हणजे कानठळ्या बसवणारी शांतता. गरिबांना कोंबायला उंच टॉवर झाले, ते नकाशे कोणीतरी काढलेच ना, तेव्हा तुम्ही गप्प होतात. १९७१ च्या मार्चमध्ये यंग वारले आणि त्याच वर्षी नोमा झाली. त्यांच्या नावाने आता एआयए पुरस्कार देते.

कानठळ्या बसवणारी शांतता. हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला अमेरिका आठवली नाही, मला आमच्या कॉलेजचा ज्युरी हॉल आठवला, जिथे आम्ही आपली ड्रॉइंग परीक्षकांसमोर मांडायचो. ते पुढे सांगते.

काका, तुम्ही म्हणालात ते काळ्या लोकांचं असतं. बरोबर आहे, त्यांनीच उभं केलंय. पण त्यांना का उभं करावं लागलं ते एकदा ऐका. पॉल विल्यम्स नावाचे लॉस एंजेलिसचे आर्किटेक्ट होते, १९२३ साली एआयएचे पहिले कृष्णवर्णीय सभासद. सिनेमातल्या बड्या बड्या लोकांची घरं त्यांनी केली. हा माणूस उलटं ड्रॉइंग काढायला शिकला. म्हणजे क्लायंट टेबलाच्या पलीकडे बसलाय, त्याला सरळ दिसेल असं याच्या बाजूने उलटं स्केच काढायचं, कारण गोऱ्या क्लायंटला काळ्या माणसाच्या शेजारी येऊन बसायला लागू नये. आपण सगळे ड्रॉइंग करणारे लोक आहोत, एकदा घरी करून बघा, कागद फिरवायचा नाही, एक जिना उलटा काढा पायऱ्यांसकट. हात थांबतो. मी करून बघितलंय. आणि ज्या वस्त्यांमध्ये त्यांनी घरं डिझाइन केली त्यातल्या कितीतरी ठिकाणी त्यांना स्वतःला घर घ्यायची बंदी होती. एआयएचं गोल्ड मेडल त्यांना मिळालं २०१७ ला, वारल्यानंतर सदतीस वर्षांनी.

नॉर्मा स्क्लारेक घ्या. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले तिथूनच १९५० ला आर्किटेक्चर करून बाहेर पडल्या, एकोणीस ठिकाणी अर्ज केले, एकोणीस ठिकाणांहून नकार. शेवटी सरकारी खात्यात नोकरी, मग १९५४ ला लायसन्सची परीक्षा पहिल्या फटक्यात पास. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर टर्मिनल वनमधून तुम्ही गेला असाल तर त्यामागे त्यांचं काम आहे. जॉन चेस, नोमाच्या त्या बारा संस्थापकांपैकी एक, १९५० साली सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला तेव्हा कुठे टेक्सास विद्यापीठात त्यांना प्रवेश मिळाला, डिग्री घेऊन ह्यूस्टनला गेले तर एकही फर्म कामावर घेईना, मग स्वतःचंच ऑफिस काढलं. टेक्सासमध्ये लायसन्स मिळालेले पहिले कृष्णवर्णीय आर्किटेक्ट तेच.

आणि हे सगळं जुनं झालं असं म्हणू नका. या देशात लायसन्स असलेले आर्किटेक्ट साधारण १ लाख २० हजार आहेत, त्यात कृष्णवर्णीय सुमारे २ टक्के. लोकसंख्येत ते १३-१४ टक्के आहेत. कृष्णवर्णीय बायकांची संख्या तर अजून काही शेकड्यांतच मोजावी लागते. २०२४ मध्ये किंबर्ली डाउडेल एआयएच्या अध्यक्ष झाल्या, पहिल्या कृष्णवर्णीय महिला अध्यक्ष, आणि त्याआधी त्या नोमाच्या अध्यक्ष होत्या. त्या बारा जणांच्या टेबलापासून इथपर्यंत यायला पन्नासहून जास्त वर्षं लागली.

आता आपल्याकडे येते, आणि इथे मला थोडं स्पष्ट बोलायचंय, राग मानू नका.

आपण इथे आलो कसे? १९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला फक्त शंभर माणसं इथे कायमची येऊ शकत होती. शंभर. १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा झाला तेव्हा आपल्यासारख्यांना वाट मिळाली, आणि तो कायदा काही आपल्या हुशारीकडे बघून झाला नाही, तो नागरी हक्क चळवळीच्या लाटेत झाला, ज्यांनी रस्त्यावर मार खाल्ला, कुत्रे अंगावर घेतले त्यांच्यामुळे झाला. आपल्याआधीच्या पिढीतले काका-मावशी त्याच कायद्याने आले. मग पुढे बघा. सरकारी कामात मायनॉरिटी फर्मना वाटा मिळावा म्हणून कृष्णवर्णीय लोकांनी कितीतरी वर्षं भांडून नियम करून घेतले, अटलांटाचे महापौर मेनार्ड जॅक्सन यांनी तर विमानतळाच्या कामात मायनॉरिटी कंपन्यांना घेतल्याशिवाय काम देणार नाही अशी भूमिका घेतली, १९७० च्या दशकात, केवढा गदारोळ झाला त्यावर. आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय वंशाच्या लोकांनी केंद्र सरकारकडे अर्ज केला की आम्हालाही त्या यादीत घ्या, आणि घेतलं. फॉर्मवर सबकॉन्टिनेंट एशियन असा वेगळा रकाना आला. आपल्यातल्या किती फर्म एमबीई सर्टिफिकेटवर, म्हणजे मालक मायनॉरिटी असल्याच्या दाखल्यावर, शाळा, मेट्रो स्टेशन, लायब्ररीची कामं करतायत ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. मी म्हणत नाही चूक आहे. हक्काचं आहे, घ्या. पण सर्टिफिकेट घेताना आपण मायनॉरिटी आणि ऑक्टोबर आला की ते त्यांचं, आपलं नाही, हे मला पटत नाही, अजिबात पटत नाही.

दुसरी बाजूही आहे आणि ती मी लपवणार नाही. या व्यवसायात आशियाई लोक लोकसंख्येच्या मानाने कमी नाहीत. म्हणजे आपली अडचण आणि त्यांची अडचण एकसारखी नाही. आपल्याला नावं चुकीची उच्चारतात, मीटिंगमध्ये टेक्निकल माणूस म्हणून मागे बसवतात, क्लायंटसमोर दुसऱ्याला उभं करतात, व्हिसाची तलवार तर कायमच डोक्यावर. पण कोणी आपल्या आजोबांची वस्ती पाडून हायवे नेला नाही. २०२३ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने कॉलेज प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी घातली, त्या हार्वर्डच्या केसमध्ये आशियाई विद्यार्थ्यांवर अन्याय होतो हाच तर मुद्दा पुढे केला होता. आपलं नाव तिथे वापरलं गेलं. आपल्यातले कितीतरी जण त्यावर खूष झाले, माझ्यासमोर पेढे वाटल्यासारखे बोलले. म्हणून म्हणते, तिथे गेलात तर आपण पण मायनॉरिटी म्हणून छाती काढून जाऊ नका, आधी ऐकायला जा.

आता कॉन्फरन्समध्ये असतं काय. भाषणं असतात, सेमिनार असतात, पुरस्कार असतात, शहरातल्या इमारती बघायच्या टूर असतात, करिअर फेअर तर असतंच, ते सगळं इतर कॉन्फरन्ससारखं. पण जी गोष्ट बघायला मी दरवर्षी जीव टाकते ती म्हणजे विद्यार्थ्यांची डिझाइन कॉम्पिटिशन. बार्बरा लॉरी नावाच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या आर्किटेक्ट होत्या, त्यांच्या नावाने असते. नोमासच्या टीम देशभरातून येतात, आपली भारतातली आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची संघटना नासा, तिच्या ट्रॉफ्या आठवा, तिची डिझाइन स्पर्धा एएनडीसी आठवा, तेच वातावरण, तीच जागरणं, तेच लाल डोळे. फरक असा की जागा असते यजमान शहरातलीच, खरीखुरी, आणि बहुतेक वेळा अशा वस्तीतली जिला शहराने एकदा चिरडलंय. आणि अशी वस्ती यातल्या प्रत्येक शहरात सापडते. डेट्रॉइटमध्ये ब्लॅक बॉटम आणि हेस्टिंग्ज स्ट्रीट, दुकानं, जॅझचे क्लब, चर्च, सगळं पाडून क्रायस्लर फ्रीवे नेला. पोर्टलंडच्या अल्बायनात आधी स्टेडियमसाठी घरं गेली, मग आय-फाइव्ह हायवेसाठी गेली, मग हॉस्पिटल वाढवायचं म्हणून शेकडो घरं पाडली आणि केंद्राचे पैसे संपले, हॉस्पिटल वाढलंच नाही, जागा कित्येक दशकं रिकामी पडून. बाल्टिमोरला तर पश्चिम भागात हायवेचा एक तुकडाच बांधला, तो पुढे कशालाच जोडला नाही, लोक त्याला कुठेच न जाणारा हायवे म्हणतात, त्या तुकड्यापायी शेकडो कुटुंबं उठवली. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्यात त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. माझ्या आजीच्या माहेरची काही माणसं त्यात उठली होती, पुनर्वसन हा शब्द मी शाळेत शिकायच्या आधी घरात ऐकलाय.

एका वर्षीची गोष्ट. प्रेझेंटेशनच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये कार्पेटवर एक टीम मॉडेल पसरून बसली होती. चौघं-पाच जण, विमानातून सुटकेसमध्ये मॉडेल आणलेलं, आणि छपराचा अख्खा भाग निखळलेला. बासवुडच्या पट्ट्या इकडेतिकडे. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी. तेवढ्यात तिकडून एक गृहस्थ आले, साठीच्या पुढचे, सूट-टाय, बहुतेक डिनरला निघालेले. थांबले. कोट काढून खुर्चीवर टाकला आणि सरळ खाली मांडी घालून बसले, मांडी घालता येईना तर एक पाय लांब केला. एक पट्टी हातात घेतली, सुपरग्लूचा थेंब लावला आणि ती वाळेपर्यंत दोन बोटांत धरून बसले. आणि बसल्या बसल्या विचारत होते, हा बसस्टॉप कुठेय, पाऊस इकडून येतो ना, मग म्हाताऱ्या बायका सामान घेऊन कुठे उभ्या राहणार? आवाज चढवला नाही, तुमचं चुकलं असंही म्हटलं नाही. ती मुलगी डोळे पुसून सेक्शनवर पेन्सिलने छज्जा पुढे ओढायला लागली, ते म्हणाले अजून पुढे, अजून, हां आता भिजणार नाहीत. तासभर बसले असतील. मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. नंतर कळलं की ते एका मोठ्या फर्मचे मालक आहेत आणि दरवर्षी असंच कुठेतरी खाली बसलेले सापडतात.

खरं सांगते, माझ्या पूर्ण शिक्षणात एकाही मोठ्या आर्किटेक्टला मी विद्यार्थ्याचं मॉडेल दुरुस्त करताना बघितलं नव्हतं. मोडताना बघितलं होतं.

आता तो ज्युरी हॉल. कॉलेजचं नाव घेत नाही, कोणाचंच घेणार नाही. आमच्या वर्गात एक मुलगा होता, वडार समाजातला, वडील सेंटरिंगचं, म्हणजे स्लॅब ओतायच्या आधी खाली फळ्या-टेकू लावायचं, काम करायचे आणि सुट्टीत तोही त्यांच्याबरोबर साइटवर जायचा. तिसऱ्या वर्षाची वर्किंग ड्रॉइंगची ज्युरी. त्याने कँटिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूने भिंतीत धरलेल्या, बाल्कनीचा डिटेल काढला होता आणि खाली पेन्सिलने टेकू कसे लावायचे आणि कुठल्या क्रमाने काढायचे तेही दाखवलं होतं. आमच्यापैकी कोणाच्याच शीटवर ते नव्हतं. तो सांगायला लागला, सर, सेंटरिंग खोलताना टोकाकडचे टेकू आधी काढायचे आणि भिंतीकडे येत जायचं, भिंतीकडून सुरुवात केली तर स्लॅबला मधेच उलटा आधार मिळतो आणि चीर जाते. शंभर टक्के बरोबर. आज मी लायसन्स घेतलेली आर्किटेक्ट आहे, मी सांगते, बरोबर. पण तो मराठीत बोलत होता, त्याच्या मराठीत. बाहेरून आलेल्या ज्युररने त्याला अर्ध्यात तोडलं, हा प्रोफेशनल कोर्स आहे, इंग्लिशमध्ये बोल. तो थांबला. प्रॉप्स एवढा शब्द त्याला आठवला, पुढे काही येईना. ज्युरर हसले, आपले एक सरही हसले, शीटवर लाल पेनाने गोल केला आणि पुढचा नंबर पुकारला.

चाळीस जण होतो आम्ही हॉलमध्ये. मी त्याच्यापासून तीन खुर्च्या सोडून बसले होते, इंग्लिश मिडियमची, मला ते सगळं वाक्य इंग्लिशमध्ये येत होतं. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. नाही बोलले. बाहेर कँटीनमध्ये एक जण म्हणाला कोट्यातून आलं की असंच होतं, आणि मी तिथेही चहा पीत राहिले. चौथ्या वर्षाला तो आलाच नाही.

पोर्टलंडच्या भाषणातले ते शब्द ऐकून मला हे आठवलं. म्हणून नोमाची कॉन्फरन्स माझ्यासाठी अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांचा प्रश्न एवढीच राहिली नाही. तिथे मी पहिल्यांदा बघितलं की ज्यांना या व्यवसायाने बाहेर ठेवलं त्यांनी स्वतःचा हॉल घेतला, स्वतःचे ज्युरर बसवले, आणि तिथे पोरं जशी बोलतात तशी बोलतात, आपल्या आजीचं किचन, आपल्या गल्लीतला न्हावी, चर्चबाहेरच्या पायऱ्या हे सगळं डिझाइनचं कारण म्हणून सांगतात आणि समोरचे मान डोलवत लिहून घेतात. हे बघून मी बाथरूममध्ये जाऊन रडलेय.

आणि हे नातं आपल्याला नवीन नाही हो. जोतिबांनी १८७३ साली गुलामगिरी लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, पुण्यात बसून. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये इथले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. दलित पँथर १९७२ ला मुंबईत निघाली ती इथल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच. महाराष्ट्रात हे सगळं झालंय आणि त्याच महाराष्ट्रातून आलेले आपण विचारतो की आपलं काय काम तिथे. मला कळतंय की आपल्यातले बरेच जण ज्या घरांमधून आलेत तिथे ही नावं जयंतीपुरती घेतली जायची, माझ्याही घरात तसंच होतं. म्हणून तर जास्त जायला हवं.

यंदा हे लिहायची घाई का, तर दिवस बदललेत. २०२५ च्या जानेवारीपासून केंद्र सरकारने डीईआयचे, म्हणजे सगळ्या वंशा-गटांच्या लोकांना सामावून घ्यायचे, कार्यक्रम गुंडाळायला घेतले आणि त्याचा वारा प्रायव्हेट ऑफिसांपर्यंत आलाय. मी ज्या ऑफिसात आहे तिथून पूर्वी सहा-सात जण जायचे, राहण्याखाण्यासकट. यंदा विषय काढला तर उत्तर आलं की एकाचं बघू, आणि वेबसाइटवर तसले फोटो नको सध्या. तसले फोटो! मी एवढंच म्हटलं की मी माझ्या खर्चाने जाईन पण सुट्टी रजेत धरायची नाही, कामात धरायची, आणि ते त्यांनी मान्य केलं. तुम्हीही मागून बघा, लेखी मागा, ईमेलवर. तोंडी मागितलं की विसरतात.

काका, तुमच्यासारखे ज्यांच्या स्वतःच्या फर्म आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की दोन विद्यार्थ्यांचा खर्च उचला. आपले विद्यार्थीच असायला हवेत असं नाही. देशात ज्या मोजक्या एचबीसीयूमध्ये, म्हणजे मुळात कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या कॉलेजांमध्ये, आर्किटेक्चरची मान्यताप्राप्त डिग्री मिळते, हॉवर्ड, टस्कीगी, मॉर्गन स्टेट, हॅम्प्टन वगैरे, तिथली पोरं कॉन्फरन्सला यायला वर्गणी काढतात, बसने रात्र रात्र प्रवास करतात. बीएमएमच्या, म्हणजे इथल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, अधिवेशनाला आपण हौसेने खर्च करतो, सुट्ट्या टाकतो, नाटकांना देणग्या देतो, मीही देते. त्यातला थोडा इकडे वळवला तर कोणाचं काही बिघडत नाही. आणि त्या पोरांना समरला तुमच्या ऑफिसात घ्या, आपल्या ओळखीतल्याचा भाचा येतोय म्हणून सगळ्या जागा भरून टाकू नका. हे मी तुम्हाला समोरासमोर बोलू शकले नाही, इथे बोलतेय.

ज्यांच्या लायसन्सच्या परीक्षा झाल्यात त्यांनी आपापल्या शहरातल्या चॅप्टरला जाऊन परीक्षेचे अभ्यासगट घ्या. सहा पेपर आणि ३,७४० तासांचा अनुभव, आपण हे सगळं कसं पार केलं, आपल्याकडे नोट्स आहेत, पाठांतराची सवय आहे, ग्रुप करून अभ्यास करायची सवय आहे, आणि आपण ते फक्त आपापसात फिरवतो. चॅप्टरमध्ये असे लोक भेटतील ज्यांच्या घरात, गल्लीत, नात्यात कधी कोणी आर्किटेक्ट नव्हता, कोणाला विचारायचं हेच माहीत नाही. शाळेतल्या मुलांसाठी उन्हाळ्यात प्रोजेक्ट पाइपलाइन नावाचं शिबिर असतं, तिथे शनिवार द्या. मी गेल्या उन्हाळ्यात दिला. बारा वर्षांच्या एका मुलाने कार्डबोर्डचं घर केलं आणि त्याला दरवाजेच दोन केले, पुढून एक, मागून एक, का तर आजी मागून येते आणि तिला पुढच्या पायऱ्या चढवत नाहीत. मी त्याला रॅम्पचा एकास बारा उतार शिकवला, पुठ्ठा कापून, मोजून. त्याने लगेच विचारलं मग आजीला पुढून येता येईल ना. येईल म्हटलं.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमची काळजी मला कळते. ओपीटीचं, म्हणजे डिग्रीनंतर विद्यार्थी व्हिसावर काम करायच्या मुदतीचं, घड्याळ, डिग्री स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत) धरली असेल तर तीन वर्षं नाहीतर एकच, कर्ज गावाकडे घराच्या कागदांवर काढलेलं, करिअर फेअरला जाणारच तुम्ही, जा, जरूर जा, रेझ्युमे द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तेवढं करून परत येऊ नका. कॉम्पिटिशन पूर्ण बघा, पहिल्या टीमपासून शेवटच्या टीमपर्यंत. तुमच्या कॉलेजात नोमास असेल तर सभासद व्हा, कृष्णवर्णीय असण्याची अट नसते, टीममध्ये शिरा, मॉडेलला हात लावा. नसेल तर सुरू करायला मदत करा, पण अध्यक्ष व्हायची घाई नको. भारतात तुमच्या बॅचमध्ये जो कोणी मधेच गळाला त्याला एक फोन करा.

मी केला होता. तो आता सांगलीकडे कॉन्ट्रॅक्टर आहे, स्वतःची माणसं, स्वतःचं सेंटरिंगचं सामान. मी त्या ज्युरीबद्दल माफी मागितली तर थोडा वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, तुला आठवतंय? मला वाटलं कोणाला आठवत नसेल. त्याची मुलगी यंदा बारावीला आहे आणि नाटा, म्हणजे आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा, देणार आहे. मी तिला दर रविवारी सकाळी, म्हणजे इथल्या शनिवारी रात्री, व्हिडिओवर ड्रॉइंग बघून देते. मराठीतच बोलतो आम्ही.

त्या पुण्याच्या मुलीला पण फोन केला, त्या रात्री गप्प बसले त्याबद्दल सॉरी म्हटलं आणि कॉन्फरन्समध्ये काय काय असतं ते सगळं सांगितलं. ती येतेय. तिच्या कॉलेजच्या टीमचं मॉडेल मोठं आहे, विमानात मावणार नाही, म्हणून आम्ही गाडीने जायचं ठरवलंय. हॉटेलात चौघींची खोली घेतलीये, दोन जागा अजून रिकाम्या आहेत, गाडीत मात्र एकच, कारण मागच्या सीटवर मॉडेल असणार. ज्यांना यायचंय त्यांनी लवकर कळवा. काका, तुम्ही विमानाने या, कॉम्पिटिशनच्या हॉलमध्ये मी तुमच्यासाठी पुढची खुर्ची धरून ठेवते.

तुमची,
सोलापूरची एक आर्किटेक्ट, सध्या मुक्काम मिशिगन